शिप्राच्या अस्थी

बेहाला नावाच्या बंगाली उपनगरात ब्लाउज शिवणाऱ्या तंद्रा सामंतचा चष्मा रोज हरवतो. कुणी केलेला अपमान मात्र तिच्याकडून कधी हरवत नाही.

ती आणि शिप्रा एकवीस वर्षं नवरा-बायकोसारख्या एका घरात राहिल्या. गल्लीने त्यांना बहिणी म्हणून चालवून घेतलं. शिप्राच्या भावाला, अनिमेषला, तेवढंही जमलं नाही. दुर्गापूजेला शिप्राला बोलवायचा आणि वर बजावायचा, "एकटीच ये."

करोनाच्या दुसऱ्या लाटेत शिप्राला धाप लागली. तंद्राने अनिमेषला फोन केला. "माझ्या घरात लहान मुलं आहेत," म्हणाला, आणि चार दिवस उंटावरून शेळ्या हाकत बसला. वाफ द्या, पालथं झोपवा! धावून आली ती झुमा. झुमाची नाक्यावर भज्यांची गाडी. मुलगा म्हणून जन्मली आणि साडी नेसली, म्हणून बापाने हाकललेली. तिने आपल्यासारखे सहा-सात जण उठवले. कुणी सायकल-व्हॅनवरून ऑक्सिजनचा सिलेंडर ओढत आणला, कुणी दाराशी पातळ खिचडी ठेवून गेलं. तरी शिप्रा गेली.

स्मशानाबाहेर अनिमेष गाडीच्या काचा लावून बसला आणि दहनाआधीच निघून गेला. जळून उरलेली नाभी मातीत लिंपून लगेच गंगेत सोडायची, ही तिथली रीत. तंद्रा आणि झुमाने दूरच्या एका घाटावर जाऊन ती त्याच दुपारी पाळली.

महिन्याने वरातीमागून घोडं आलं. मास्कवर मास्क चढवून अनिमेष दारात उभा.

"अस्थी द्या. गयेला पिंडदान करायचंय. शेवटी रक्ताचं नातं आमचं! शिप्रा म्हणजे लक्ष्मी होती हो घरची."

मेल्या म्हशीला मणभर दूध!

"आणि श्राद्धाला तुम्ही नका येऊ. लोक विचारतात, या कोण?"

तंद्राचे हात शिवशिवले. "बसा हं," म्हणून ती मागच्या दाराने थेट झुमाच्या गाडीवर गेली.

"शेगडीतली राख दे गं."

"कशाला, तंद्रादी? भांडी घासायला?"

"अनिमेषला. बहीण मागतोय."

झुमाने डोळे मोठे केले आणि स्वतःच्या हाताने मडकं भरलं. "वांग्याच्या भज्याचा एक जळका तुकडा पण गेलाय बघ आत."

"जाऊ दे. रक्ताचं नातं आहे."

वर लाल फडकं बांधलं. अनिमेषने मडकं दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावलं. तंद्राला वाईट वाटलं का? छे! त्या दिवशी ती कित्येक दिवसांनी पोटभर जेवली.

गयेहून त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"पिंड दिला. फार रडलो हो. शेवटचं भेटायला हवं होतं. तुम्ही अस्थी नीट सांभाळल्यात, उपकार झाले."

"ती झुमाच्या शेगडीतली राख होती," तंद्रा म्हणाली. "शिप्राला मी त्याच दुपारी गंगेत सोडलं. गाडीची काच खाली केली असतीत, तर तुम्हालाही नेलं असतं."

त्याने हळूच विचारलं, "कुठल्या घाटावर?"

तंद्राने फोन ठेवला.