सेगोव्हिया, अव्हिला आणि बाबांचा शनिवार

मी इंदूर सोडलं त्या सकाळी बाबा स्टेशनवर आले, पण गाडी सुटायच्या आधीच निघून गेले. त्यांची कापड मिल बंद होऊन वर्ष झालं होतं आणि तिच्या फाटकासमोरच्या धरण्याला त्यांना वेळेवर पोचायचं होतं. "मिल चालू झाली की परत ये," म्हणाले. मला त्यांची चीड आली. बंद फाटकाकडे बघत बसणारा माणूस, यापलीकडे मला त्यांच्यात काही दिसत नव्हतं.

आता मी स्पेनमध्ये सालामांकाला असतो आणि टुरिस्टांना गाडीतून जुनी गावं दाखवतो. तुम्ही इंदूरची मंडळी तिथल्या विजय नगरच्या फ्लॅटमधून फोन करता, "भिया, देखने लायक गावं कोणती?" तर ऐका. अव्हिलाला भलीमोठी तटबंदी आहे. तिच्यावर चढून तुम्ही खाली उभ्या बायकोला हात करता. सेगोव्हियाला रोमनांनी पाणी आणायला बांधलेला दगडी पूल आहे. त्याच्या सावलीत बसून तुम्ही घरून आणलेली सेव खाता आणि जेवण कुठे मिळेल ते विचारता. आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं केव्हाच माद्रिदला गेली. जिथे राहायला कोणी तयार नाही ते गाव पाहण्यासारखं, एवढंच या धंद्यातलं ज्ञान.

आई गेल्यावर बाबा एकदा इथे आले. त्यांनी माझ्याकडेच राहावं, असं माझ्या मनात होतं. मी मोठ्या ऐटीत त्यांना तटबंदी दाखवली, पूल दाखवला. प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच प्रश्न. "वो सब ठीक आहे, पण इथले लोक कामधंदा काय करतात?"

शेवटी वैतागून मी गाडी बेखारला नेली. हे डोंगरातलं लोकरी कापडाचं गाव. इथल्याही गिरण्या बंद पडल्या, आता संग्रहालय आहे. एक निवृत्त विणकर माग चालवून दाखवत होता, तेवढ्यात धागा तुटला. बाबा मागासमोर बांधलेली दोरी ओलांडून आत गेले, दोन बोटांनी गाठ मारली आणि माग सुरू केला. म्हातारा खूश झाला. शनिवारी या, दिवसभर चालवू, म्हणाला. बाबांनी मला परतीचं तिकीट पुढे ढकलायला सांगितलं.

शनिवारी मला इंदूरचीच एक पार्टी सेगोव्हियाला न्यायची होती. मी तुसडेपणाने म्हटलं, "बाबा, ते संग्रहालय आहे. तिथे तुम्हाला कोणी नोकरीवर ठेवणार नाही."

"मला काय पागल समजतो?" ते शांतपणे म्हणाले. "तू मला कामावर कधी पाहिलंच नाही ना. म्हटलं, एकदा पाहून घेशील."

तरी मी पार्टी घेऊन गेलो. दिवसभर पुलाखाली त्या पार्टीचे फोटो काढले. बाबा पुढच्या आठवड्यात इंदूरला परतले आणि तिथेच वारले.

घराची आठवण येते का, असं तुम्ही विचारता. त्या घरातले बाबा मला आठवतात ते थकून झोपलेले, नाहीतर बेकार बसलेले. कामावरचे बाबा मी पाहिले ते बेखारला, मिनिटभर. तुम्ही याल तेव्हा तटबंदी दाखवीन, पूल दाखवीन. बेखार दाखवणार नाही. घरी मी टुरिस्ट नेत नाही.