एका ओळीची खिडकी

बसची पाटी लोक धावता धावता वाचतात, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्यासमोर अक्षरं एका जागी बसतच नाहीत. एक ओळ धरावी, तर खालची मध्येच तोंड घालते. म्हणून जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून मी एक खिडकी केली होती. पुस्तकावर ठेवली की एकच ओळ दिसायची. दिल्ली कॅन्टोन्मेंटजवळच्या शाळेत मी इतिहास शिकवत असे. धडा मुलांनी मोठ्यानं वाचायचा, फळ्यावरही त्यांनीच लिहायचं. पालक म्हणत, मॅडम मुलांना फार संधी देतात. देत होते, पण गरज माझी होती.

सातवीत साताऱ्याकडच्या एका हवालदाराची मुलगी होती. तोंडी विचारलं की घडाघडा सांगायची. पेपर मात्र जवळजवळ कोरा. नुसतं ऐकून ही इतकं लक्षात ठेवते कसं, याची मला भारी उत्सुकता. एके दिवशी मी माझी खिडकी तिच्या पुस्तकावर ठेवली. तिनं ती दोन ओळी सरकवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुम्हालापण?"

"हो, बिल्कुल," मी म्हटलं आणि खिडकी तिलाच देऊन टाकली.

वार्षिक परीक्षेच्या आधी तिची आई भेटायला आली. "मॅडम, यंदा नापास झाली तर शाळा पुरे म्हणतात हिचे वडील. गावी नेऊन ठेवायची."

माझं डोकंच फिरलं. तशीच मुख्याध्यापिकांकडे गेले. हिला कोणीतरी प्रश्न वाचून दाखवावेत, ती उत्तरं तोंडी देईल, असं सांगितलं.

"ये तो नकल हुई, कॉपी," त्या म्हणाल्या.

त्यांच्या टेबलावरचं वर्तमानपत्र मी उचललं आणि मोठ्यानं वाचू लागले. पहिल्याच ओळीत अडखळले, दुसरी गाळून तिसरीवर पोचले. वर्षानुवर्षं माझं कौतुक करणाऱ्या बाई बघतच राहिल्या. माझे कान तापले होते.

"मैं भी ऐसी ही हूँ, मॅडम. मुझे भी निकाल दीजिए."

त्यांनी माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं. मग म्हणाल्या, "ठीक है. उत्तर मैं लिखूँगी. पढ़ेगा कौन?"

"मैं," मी म्हणून बसले. रागाच्या भरात माणूस काय काय पत्करतो!

पेपर विज्ञानाचा, मी आधी न पाहिलेला. मुख्याध्यापिका पेन घेऊन शेजारी. दुसऱ्याच प्रश्नाला माझी ओळ सुटली. पुन्हा धरली, पुन्हा सुटली. एक शब्द गाळला तर पोरीची शाळा सुटेल, या धास्तीनं मला घाम फुटला.

तिनं कंपासपेटी उघडली, खिडकी काढली आणि माझ्या हातातल्या प्रश्नपत्रिकेवर नीट बसवली.

"सावकाश, मॅडम. मला घाई नाही."

एप्रिलमध्ये नवं शालेय वर्ष सुरू झालं. ती आठवीच्या वर्गात शिरली ती थेट माझ्या टेबलापाशी आली. त्या पेपरापासून माझ्याकडेच राहिलेली खिडकी परत हवी होती तिला.