आडव्या बॅरलची काठी

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला अक्कल असते असं वाटत असेल, तर सात-आठ वर्षांपूर्वीची मी तुम्ही पाहिलेली नाही. घरामागच्या आमच्या भातगिरणीचं डिझेल दोनशे लिटरच्या आडव्या बॅरलमध्ये असायचं. आत किती आहे ते बघायला मी बॅरलच्या उंचीएवढी बांबूची काठी कापली, पट्टी लावून तिचे चार सारखे भाग केले. एक भाग म्हणजे पन्नास लिटर. दहावीला गणितात पास झाल्याचा माज एवढ्या वर्षांनीही उतरला नव्हता!

शेजारणीच्या मुलीचं लग्न दोन दिवसांवर आलेलं. वीज गेलेली, म्हणून ती भाताची पोती घेऊन सकाळीच आमच्याकडे आली. मी काठी बुडवली. पहिल्या भागाच्या निम्म्यापर्यंत ओली.

"पंचवीस लिटर हाय. निवांत बस."

दुपारी इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. निम्मी पोती तशीच.

"अक्का, तुझी काठी माप सांगती का गोष्टी?" शेजारीण रडवेली झाली होती, तरी टोमणा मारायला चुकली नाही.

नवऱ्यानं बॅरलवर हात फिरवला. "अगं, हे गोल हाय. तळाला अरुंद, पोटाला रुंद. तू काय पेटी मोजलीस?"

रामनगरहून लग्नाचं सामान आणणाऱ्या जीपमधून डिझेल मागवलं. चाळीस लिटर आलं, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी. नवरा कॅन उचलून ओतणार तोच मी मध्ये उभी राहिले.

"थांबा. आधी तळ उपसा. मग पाच-पाच लिटर ओतायचं."

"उद्या लग्न हाय, आणि तुला आत्ता शाळा सुचती?" शेजारीण कडाडली.

"व्हय. आज परत फसायचं न्हाई."

पाच लिटर ओतायचे, डिझेल स्थिर होऊ द्यायचं, काठी बुडवायची, कोयत्यानं खाच पाडायची. पहिली खाच चांगली वर आली, पुढच्या मात्र एकमेकींजवळ सरकत गेल्या. हात वासानं भरले, कंबर धरली. आठ खाचा झाल्यावरच इंजिन सुरू करू दिलं. मग दर दोन पोत्यांनंतर काठी बुडवून बघत राहिले. पुरणार होतं. तरी बघणं सोडलं नाही.

शेवटचं पोतं रिकामं झालं तेव्हा काठी अजून दोन खाचा ओली होती. शेजारणीनं ओंजळभर तांदूळ घेऊन कणी बघितली, माझ्याकडे एक नजर टाकली आणि जीपवाल्याला ओरडून म्हणाली, "भर रं पोती. मांडवात चूल पेटायची हाय!"