जबल अलीचा मलिदा

अबुधाबीला निघताना मी दोन याद्या केल्या होत्या. एकीत पाहायची ठिकाणं, दुसरीत आईची औषधं, चष्मे आणि ती हमखास विसरते त्या वस्तू. मलिद्याचा उल्लेख एकीतही नव्हता. मामेभावाच्या घरी पोचल्यावर आईने बॅग उघडून कपड्यांखालून दीड किलो पोहे काढले, तेव्हा मला कळलं की बाई सहलीला आलेलीच नाही.

आम्ही बेने इस्राएल. मूळचे अलिबागकडचे यहुदी, आता ठाण्याचे. आमच्यात नवस फेडायचा तो मलिद्याने. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडे, सोबत पाच फळं आणि एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याचं नाव घेऊन प्रार्थना. बाबा तरुणपणी इकडे आखातात, जबल अलीला बंदराच्या बांधकामावर होते. मी दीड वर्षाची असताना तापाने फणफणले, डॉक्टरांनी हात टेकले. पत्र पोचलं तेव्हा बाबांनी लेबर कॅम्पातल्या खोलीत नवस बोलला: पोर वाचली तर इथेच मलिदा करीन. पोर वाचली, मलिदा राहिला. खोलीतल्या अकरा जणांना आडनावावरून ते हिंदू वाटायचे आणि नोकरीच्या धास्तीने बाबांनी ते तसंच वाटू दिलं. सुट्टीवर आल्यावर त्यांनी ठाण्यात मलिदा केला. पण आईच्या मते ‘इथेच’ म्हणजे इथेच. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. आई शहात्तर वर्षांची. तिच्या हिशेबाने हे काम तिच्या माथी येऊन थांबलेलं.

“आई, मी आता पन्नाशीला आले. ठणठणीत आहे,” मी म्हटलं.

“म्हणूनच तर. आजारी असतीस तर गोष्ट वेगळी होती.”

मी तिसरी यादी करायला घेतली.

मामेभाऊ अल रीम आयलंडवर तिसाव्या मजल्यावर राहतो. त्याने आमच्या पासपोर्टचे नंबर भरून इथल्या नव्या सिनेगॉगची, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिराची, साडेदहाची वेळ घेऊन ठेवली होती. “आत्या, बघशील तर डोळे दिपतील. आणि ते या देशात! काकांनी हे बघायला हवं होतं.”

“बघू,” आई म्हणाली. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असा होतो. हे त्याला माहीत नव्हतं, मला होतं.

नारळासाठी मी सुपरमार्केटात गेले आणि खवलेल्या खोबऱ्याचं गोठवलेलं पाकीट आणलं. आईने ते परत फ्रीजरमध्ये ठेवलं. नवसाचा नारळ आख्खाच लागतो. मग तिलाच सोबत नेऊन आख्खा आणला. सहा दिरहम. “म्हणजे दीडशे रुपये?” असं ती गल्ल्यावरच मोठ्याने म्हणाली. त्या चकचकीत स्वयंपाकघरात खवणी कुठली असायला. मी सुरीने खोबरं काढून मिक्सरमधून फिरवलं आणि बोट कापून घेतलं. आईने चव घेऊन “चालेल” म्हटलं.

सकाळी नऊला निघालो. सिनेगॉग घरापासून जवळ, जबल अली तासाभराच्या अंतरावर; पण आधी जबल अली, असं आईने बजावलं. गाडी हायवेला लागली तसा मामेभाऊ घड्याळाकडे बघायला लागला. “ताई, जबल अली म्हणजे काय एखादी गल्ली आहे का? नुसती गोदामं आणि कंटेनर आहेत तिथे. पत्ता तरी आहे?”

पत्ता नव्हता. बाबांच्या पत्रात एवढंच होतं की दारात उभं राहिलं की उजव्या हाताला क्रेन दिसतात. आईने तीनदा गाडी थांबवली, तिन्ही वेळा खाली उतरून क्रेन कुठल्या हाताला येतात ते पाहिलं आणि दोनदा नापसंतीने परत बसली. साडेदहाची वेळ गेली. मामेभाऊ “खलास” म्हणाला आणि त्याने फोन खिशात टाकला. तिसऱ्या वेळी आम्ही एका गोदामाच्या फाटकासमोर होतो. आई म्हणाली, “इथेच.” कशावरून, ते मी विचारलं नाही. ऊन इतकं होतं की मलाही ते ‘इथेच’ असायला हवं होतं.

फाटकावरचा वॉचमन बाहेर आला.

“आत्या, नाश्ता करायचाय म्हण,” मामेभाऊ पुटपुटला. “बाकी उगाच काही सांगू नकोस.”

“मेरे आदमी इधर रहते थे,” आई वॉचमनला म्हणाली. “ये बंदर बनाया उन्होंने. उनकी मन्नत है.”

“अंदर पूजा नहीं चलेगा, अम्मा.”

“पूजा नहीं. हम यहूदी लोग हैं. बेने इस्राएल.”

मामेभावाने डोळे मिटून घेतले. जे वाक्य बाबांनी इथे सहा वर्षं गिळलं, ते आईने पहिल्या भेटणाऱ्या माणसाला सांगून टाकलं. वॉचमनने थोडा विचार केला.

“बंबई के?”

“अलिबाग.”

“अच्छा. उधर बस की शेड में बैठो. अभी शिफ्ट छूटेगी.”

शेडमधल्या बाकावर मी ताट मांडलं. मामेभाऊ फोनवरून प्रार्थना वाचायला लागला आणि दुसऱ्याच ओळीला नेट गेलं. आईने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तोंडपाठ म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात फाटकातून कामगार आले आणि कंपनीच्या बसची वाट बघत आमच्याभोवती उभे राहिले. एकाने हेल्मेट काढून काखेत धरलं, मग इतरांनीही काढली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“नवसाचं मूल आधी,” म्हणत आईने पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली आणि दुसरा हात माझ्या डोक्यावर. तो तिने काढलाच नाही.

“आई, लोक बघतायत.”

“बघू देत. इथल्या माणसांसमोरच करायचं होतं तुझ्या बाबांना.”

मी खाल्लं. पोहे अंमळ जास्तच भिजले होते. मग आईने कागदी कपांतून सगळ्यांना वाटलं, वॉचमनला दोनदा. बस आली तेव्हा चढता चढता एका दाढीवाल्या माणसाने विचारलं, “किस बात की खुशी है, अम्मा?”

आईने माझ्याकडे बोट दाखवलं. “ये बच गई.”

त्याने मला नीट पाहिलं. पांढरे केस, घामाने थबथबलेला कुडता, बोटाला चिकटपट्टी.

“मुबारक हो,” तो गंभीरपणे म्हणाला.

मी शुक्रिया म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.