जुनी रेपो जोडायची होती, साहेबांनी नवीनच बनवली

मंडळी, आज ऑफिसात जे बघितलं त्यानं डोकं अजून तापलेलं आहे.

आमच्या टीम लीड साहेबांना कोड सांभाळायचं नवं सॉफ्टवेअर लई आवडलं. आमची पाच वर्षांची रेपो, म्हणजे कोणी कधी काय बदललं याची सगळी नोंद, त्याला फक्त जोडायची होती.

साहेब 'नवीन बनवा' दाबायला लागले, तशा टीममधल्या, बटणांऐवजी कमांड टाइप करून काम करणाऱ्या पाचोडच्या आमच्या सुनीताताई म्हणाल्या, "सर, नवीन नाय, जुनी जोडायची."

"मॅडम, तुम्ही तुमच्या काळ्या स्क्रीनवर टाइप करत बसा," म्हणून साहेब हसले. पुढं सर्व्हरनं 'नवीन रेपो जुनीवर चढेल, जुनं सगळं पुसलं जाईल' असा इशारा दिला, तोही न वाचता 'हो' दाबलं. पाच वर्षांची नोंद गायब!

वर म्हणतात, "सॉफ्टवेअरच बकवास आहे."

नशीब, ताईंच्या लॅपटॉपवर पूर्ण प्रत होती. त्यांनी तासाभरात सगळं परत आणलं.

संध्याकाळी साहेबांचा सगळ्यांना मेल: 'माझ्या देखरेखीखाली काम यशस्वी.' ताईंचं नाव कुठंच नाय!

मी सगळ्यांनाच उत्तर धाडलं: "नोंद सरांनी उडवली, सुनीताताईंनी परत आणली."

तुम्ही असता तर गप्प बसला असता का?