उसना दिलेला आचारी: बारामती ते इंदापूर

बारामतीच्या बाबूराव काळोख्यांनी मला फसवले. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण पुढे मी त्यांच्या खानावळीतल्या मटणाचे कौतुक करणार आहे आणि त्यावरून आमचे जमले असे कुणी समजू नये.

कराडच्या एसटी स्टँडमागे माझी खानावळ आहे. भज्यांच्या गाडीपासून ती मी उभी केली. गणपत हा माझा आचारी. कांदा तो सालासकट निखाऱ्यात भाजतो आणि तसाच वाटतो. त्यामुळे त्याच्या रश्श्यात करपलेल्या सालीचा एखादा तुकडा हमखास सापडतो. त्यावरून मी त्याला वर्षानुवर्षे शिव्या घातल्या आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षे त्याच रश्श्यासाठी येत राहिले.

आमच्या धंद्यात आचारी उसना देण्याची रीत आहे. कुणाकडे कार्य निघाले की दुसऱ्याचा आचारी दोन दिवस न्यायचा आणि त्या मालकाकडे एखादी मोठी वस्तू तारण ठेवायची. वस्तू परत, माणूस परत. बाबूराव मुलीच्या लग्नासाठी गणपतला घेऊन गेले. तारण म्हणून त्यांनी आधी परात दाखवली होती, पण मी पितळी पातेल्याच्या खाली उतरलो नाही. पातेले असे, की आत माणूस मांडी घालून बसेल. लग्न होऊन महिना उलटला तरी गणपतचा पत्ता नाही. गिऱ्हाईक दोन घास खाऊन वर बघायला लागले, मग यायचेच बंद झाले. गणपत परत आला नाही तर खानावळीला कुलूप, हे मला कळून चुकले. म्हणून एप्रिलच्या उन्हात पातेले डोक्यावर घेतले आणि निघालो.

फलटणच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "ह्याचं तिकीट काढा."

"ते रिकामं आहे."

"तुमीबी रिकामंच बसलाय की. तुमचं काढलंच ना?"

बराच वाद घालून मी लगेजचा दर अर्ध्यावर आणला. बदल्यात एका बाईच्या कोंबड्या फलटणपर्यंत पातेल्यात बसवून न्याव्या लागल्या. सौदा वाईट नव्हता, पण पातेले पुढे दोन ठिकाणी धुवावे लागले.

बारामतीत उतरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते रस्ते. रुंद, स्वच्छ, मधल्या झाडांची कटिंग न्हाव्याने केल्यासारखी. बाबूरावांची खानावळ मात्र जुन्या गल्लीत, मंडईमागे. दार इतके ठेंगणे की पातेले आत जाईना. ते बाहेर ठेवून मी आत बसलो आणि आधी जेवलो. भांडण उपाशीपोटी केले की आवाज लागत नाही. बाजरीची भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती. मटण मऊ, रश्श्याला येसराची (भाजलेल्या डाळी आणि मसाल्यांच्या पिठाची) दाटी. उत्तम जेवण. पण मी वाटी तळापर्यंत ढवळली, करपलेली साल कुठे नव्हती. म्हणजे गणपत इथे नव्हता.

हात पुसत बाबूराव आले. "या या शेठ! उन्हाचं पातेलं कशाला आणलंत?"

"तुमची वस्तू तुम्हाला. गणपतला बोलवा."

बाबूराव दाराबाहेर डोकावले आणि दोन पावले मागे सरकले. "मी त्याला हात लावायचा न्हाय."

"का?"

"पातेलं घेतलं तर आचारी द्यावा लागंल. आचारी हितं न्हाय. मग पातेलं घेऊन मी खोटा ठरू व्हय?"

गणपतला त्यांनी इंदापूरच्या वाटेवरच्या कळंबच्या हॉटेलवाल्या तात्यांना नातवाच्या बारशासाठी उसना दिला होता. माझा आचारी, मला न विचारता! वर तात्यांचा फ्रीज तारण म्हणून स्वतःकडे ठेवून घेतला होता. मला जे वाटले ते मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले.

"हळू बोला शेठ," बाबूराव म्हणाले, "आतल्या बायकांना वाटंल कुकर झाला."

शेवटी ठरले ते असे: फ्रीज घेऊन बाबूरावांनी माझ्याबरोबर कळंबला यायचे. फ्रीज दिला की तात्या गणपतला देतील, गणपत हाती आला की बाबूराव पातेले घेतील. टेम्पो यायला वेळ होता, म्हणून ते मला नव्याने उघडलेल्या गार्डन हॉटेलात घेऊन गेले. हिरवळ, रंगीत दिवे, मधोमध कारंजे. कारंजे बंद होते.

"फॅमिली असेल तरच चालू करतो," वेटर म्हणाला.

"अरे, आमी दोघं मगाधरनं भांडतोय," बाबूराव म्हणाले. "आणि फॅमिली कशी असती?"

वेटरने आत जाऊन विचारले आणि कारंजे सुरू झाले. मेनूकार्ड लग्नाच्या अल्बमएवढे जाड होते, पण त्यातले मिळत होते फक्त कोबी मंचुरियन. चांगल्या कुरकुरीत भज्यांना काळ्या पाण्यात बुडवून का मारतात, हे मला कळले नाही. बाबूरावांनी दोन प्लेट खाल्ल्या. वारा फिरला आणि कारंज्याचे पाणी माझ्या अंगावर आले, त्यांच्या नाही.

कळंबला तात्यांचे हॉटेल म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याची शेड. पाळी सुटलेली कारखान्याची माणसे चहात खारी बुडवत बसली होती. तात्या सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, नव्याकोऱ्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. मागे तशाच खुर्च्यांची छतापर्यंत थप्पी. थप्पी पाहूनच मी काय ते ओळखले.

"तात्या, तुमचा फ्रीज," बाबूराव म्हणाले.

"न्हाय बा. फ्रीज घेतला तर..."

"आचारी द्यावा लागेल," मी म्हणालो. "तो कुठाय?"

"जावयाकडं. इंदापूरला. नवं हाटेल काढलंय, आजच उद्घाटन हाय. खुर्च्या ठेवून घेतल्यात की मी, फुकट न्हाय दिला!"

तेव्हा तात्याही निघाले, खुर्च्यांसकट. टेम्पोत फ्रीज उभा, पातेले आडवे, बसायला जागा नाही. म्हणून आम्ही थप्पीतल्या तीन खुर्च्या काढल्या आणि ऐटीत बसलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादे डाळिंबाचे रान. ड्रायव्हरची मावशी निरवांगीला राहत होती म्हणून त्याने वाट वाकडी केली. तिथे आम्हाला पाहून माणसे गोळा झाली.

"सभा कुठं हाय?" एकाने विचारले.

"सभा नाही."

"मग फ्रीजचं उद्घाटन हाय का?"

जयंतीच्या तयारीला लागलेले एक गुरुजी पुढे आले. त्यांना खुर्च्या भाड्याने हव्या होत्या. खुर्च्या माझ्या नव्हत्या, तरी मी दर खाली येऊ दिला नाही. तात्या मध्ये बोलायला लागले तर मी त्यांना गप्प केले. गुरुजी पक्के होते. मंडप आम्ही घालावा इथवर त्यांनी मला आणले. तेवढ्यात ड्रायव्हर मावशीकडची उसाची मोळी घेऊन आला आणि सौदा अर्धवट राहिला. आजही त्याची हळहळ वाटते.

इंदापूर जवळ आले तसा उजनीच्या पाण्याचा वारा लागला. हायवेलगत नवे हॉटेल, दाराला झेंडूचे तोरण, माईकवर गाणी. प्रमुख पाहुणे आले नव्हते, फीत तशीच ताणलेली, माणसे उन्हात ताटकळलेली. आमचा टेम्पो थांबला, तात्यांनी कोण कुठले ते सांगितले आणि माईकवाला ओरडला,

"आले! पाहुणे आले! कराडकरांकडून पितळी पातेलं सप्रेम भेट! बारामतीकरांकडून फ्रीज सप्रेम भेट! सासरेबुवांकडून खुर्च्या सप्रेम भेट!"

टाळ्या झाल्या. मी टेम्पोवरून उतरेपर्यंत पातेले चार जणांनी आत नेले होते. मी "अहो, थांबा" म्हणायला तोंड उघडले, तर कुणीतरी त्यात पेढा घातला. मागून फेटा बांधायला सुरुवात झाली. फेटा बांधून होईपर्यंत मान हलवता येत नाही, आणि मान हलवल्याशिवाय नाही म्हणता येत नाही. मग हातात नारळ आणि कात्री आली. फीत कापली तरच आत स्वयंपाकघरात जाता येईल असा हिशेब करून मी ती कापली. फोटो निघाला. माईकवाल्याने मला दोन शब्द बोलायला सांगितले. "माझा आचारी परत द्या," मी म्हणालो. लोकांना ते फार आवडले. पुष्कळ हसले.

मग पंगत बसली. चिलापीचा (धरणातल्या चपट्या माशाचा) रस्सा वाढला. पहिला भुरका घेतला आणि जिभेला करपलेली साल लागली. मी तसाच उठलो.

गणपत नव्या पांढऱ्या शर्टात चुलीपाशी उभा होता. "जेवलात का मालक?"

"चल कराडला. पातेलं परत केलंय मी."

"परत कुठं? आहेर केलाय. माईकवर सांगितलं की."

"तुला उसना दिला होता मी!"

"दिला व्हय. मला कुणी इचारलं? तुमी दिला, बाबूरावांनी दिला, तात्यांनी दिला. मी काय परात हाय? ह्या जावयानं पहिल्यांदा इचारलं, गणपत, राहतोस का? आठ आण्याचा भागीदार केलंय मला. आणि सालीवरून शिव्या न्हाईत हितं."

"मी तुला चार आण्याचा भागीदार करतो," मी म्हणालो.

"आठ हाय हितं."

"पाच."

गणपत हसला. मी सहापर्यंत गेलो. सहाच्या पुढे जाणे धंद्याला धरून नव्हते. तेवढ्यात जावईबापू जिलबीचे ताट घेऊन आले. "पाहुणे, गोड घेतल्याबिगर उठायचं न्हाय!" बाहेर बाबूराव आणि तात्या फेटे बांधून फोटोला उभे होते. तारण संपले, देणे संपले, दोघांचे चेहरे हलके झाले होते. जड चेहरा माझा एकट्याचा.

परतीच्या गाडीत मी फेटा सोडला. बारामतीचे मटण आणि इंदापूरची चिलापी यांत चिलापी सरस, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. इतका चांगला रस्सा मी माझ्या खानावळीत कधी खाल्ला नव्हता, आणि करणारा तर तोच माणूस. यावर मी फलटणपर्यंत विचार केला. पाण्याचा फरक असणार.

इथवर मी गिळले असते. पण परवा माझ्या दारात एक जीप थांबली. इंदापूरचे जावईबापू उतरले, पेढ्यांचा बॉक्स आणि मागे तारणाला एक पाण्याचा कूलर घेऊन. माझ्या भाकरीवाल्या सखूबाई त्यांना दोन दिवसांसाठी हव्या होत्या, कुणाच्या तरी साखरपुड्याला. मी त्यांना जीपपर्यंत ढकलत नेले. मागे वळून पाहतो तर सखूबाई पिशवी भरून दारात उभ्या.

"बापू," त्यांनी माझ्या डोक्यावरून विचारले, "किती आण्याची भागीदारी?"

जावईबापू कूलर ठेवूनच गेले, तो अजून दारातच आहे. मी त्याला हात लावलेला नाही. सखूबाई रोज पिशवी घेऊन कामाला येतात आणि रोज हायवेकडे बघतात. बाबूराव काळोखे, लग्न तुमच्या मुलीचे होते. तुम्ही मला दोन दिवसांचा शब्द दिला होता. कराडला या, माझ्यासमोर बसा आणि याचा जाब द्या.