नुसती फळी

केस पिकायला लागले तरी घरात तिला सगळे बेबीच म्हणत. कौतुक म्हणून नव्हे. मोठ्या माणसाला निदान विचारावं तरी लागतं, बेबीला कोण विचारतो?

दादाच्या सुतारकामाच्या कारखान्यात रंधा मारायच्या मशीनवर तिच्या डाव्या हाताची तीन बोटं अर्धी तुटली, त्याला बरीच वर्षं झाली. कामगार आला नव्हता, ऑर्डर अडली होती, आणि "जरा फळी धर गं" म्हणून दादानंच तिला बोलावलं होतं. पुढे त्यानं तिला घरामागची खोली दिली, पंखा दिला, आणि आल्यागेल्याला सांगायचा परवाना स्वतःकडे ठेवला, "बेबीचं सगळं मीच बघतो."

ती ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यांना चिठ्ठ्या टाचायची. वरच्या मजल्यावर एक म्हातारे सर हवाईयन संगीत शिकवत. मांडीवर आडवी गिटार ठेवायची, तारा बोटांनी दाबायच्याच नाहीत, वरून पोलादी दांडी फिरवायची. एकदा ती वर डोकावली, तेव्हा सरांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि सरळ म्हणाले, "अंगठा आणि तर्जनी शाबूत आहे ना? दांडी धरायला पुरे. उरलेली मागे नुसती टेकवायची." तिच्या हाताबद्दल इतक्या वर्षांत कोणी 'पुरे' म्हटलं नव्हतं. ती घरी येऊन रडली.

गिटार घ्यायला मात्र ती एकटीच गेली. दुकानदारानं आधी फुलं रंगवलेली, चकचकीत गिटार पुढे केली. दिसायला नवरी, पण तारा सुरात लावून होईपर्यंत उतरायच्या. दुसरी सगळ्यात स्वस्त, साध्याच गिटारीच्या तारा खाली धातूची पट्टी सारून उंच केलेल्या. "असल्या गिटारीची मान वर्षभरात वाकेल," सरांनी बजावलं होतं. तिसरी कोपऱ्यात धूळ खात होती. जाड, बोजड, रंग उडालेली, नुसती फळीच म्हणा ना. बेबीनं दांडी आडवी ठेवून पाहिली. सगळ्या तारा एका पातळीत, एकही दांडीखालून सुटत नव्हती. पट्ट्यांच्या जागी नुसत्या रंगवलेल्या रेषा होत्या; बाराव्या रेषेवर दांडी नेली तर मोकळ्या तारेचाच सूर, वरच्या सप्तकातला, अगदी नेमका. तार पिळायची एक खुंटी तेवढी ढिली होती. "ही तुमच्यासारख्या बायकांना जड होईल," दुकानदार म्हणाला. "जड असू दे," ती म्हणाली, आणि साठवलेलं होतं नव्हतं ते देऊन मोकळी झाली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं एखादी वस्तू स्वतःच्या हाताला विचारून घेतली होती.

खुंटीचा स्क्रू घट्ट बसेना. दादानं ते पाहिलं. "आण इकडे, सुताराच्या घरात राहतेस आणि खुंटी ढिली?" तिच्या जिवावर आलं, पण नाही कसं म्हणणार? "फक्त स्क्रू बघ," तिनं दोनदा सांगितलं.

आठवड्यानं दादा छाती फुगवून गिटार घेऊन आला. मागे चहाचा ट्रे घेऊन वहिनी. गिटारीला झकास पॉलिश. आणि जिथे नुसत्या रंगवलेल्या रेषा होत्या, तिथे करवतीनं खाचा पाडून पितळी पट्ट्या ठोकलेल्या.

"फसवलं गं तुला दुकानदारानं!" दादा म्हणाला. "पट्ट्या बसवायच्या सोडून नुसत्या रेघा ओढल्यात. तारा तर हातभर उंच! शेजारच्या पोराची गिटार आणून माप घेतलं, तारांखालची घोडी घासून त्या पार खाली आणल्या. आता झाली खरी गिटार."

बेबीनं दांडी ठेवली. ती पितळेवर आपटली. सरकवली तशी खडखडत गेली. तिनं पुन्हा ठेवली, हलक्या हातानं. पुन्हा तेच.

"खाचा बुजवता येतील?"

"छे! पक्कं काम आहे माझं."

"दादा, आता ही बोटांनी दाबूनच वाजेल."

दादानं तिच्या हाताकडे पाहिलं आणि पटकन चहाचा कप उचलला. वहिनीनंच सावरून घेतलं, "मग आपल्या मुलीला होईल की. केव्हाची गिटार मागतेय ती."

"हो, ते बरं," दादाचा चेहरा उजळला. "वाया नाही जाणार. तुला मी दुसरं काहीतरी करून देतो, बेबी."

तिचा संताप इतक्या वर्षांचा होता, पण बाहेर पडला तो अगदी हळू आवाजात.

"माझ्यासाठी काही करू नकोस, दादा. हात जोडते."

दादा हसला, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि गिटार काखेत घेऊन उठला. "वेडी आहेस का? बहिणीसाठी एवढंही नाही करायचं?"